जेवणाच्या टेबलाची पैज

हॉगन यांच्या घरात जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर कुणी जेवत नसे. तिथे डेल्मर हॉगनची काडतुसं भरण्याची यंत्रं, बंदुकीच्या दारूचे डबे, शिशाच्या गोळ्या आणि रिकाम्या पितळी नळ्यांच्या बरण्या असत. नवरा-बायको मांडीवर ताटली घेऊन जेवायचे. अखेर व्हर्नाचा संयम सुटला.

"शनिवारच्या नेमबाजीत मी तुझ्यापेक्षा चांगली खेळले, तर टेबल माझं. बोल!"

डेल्मर इतका हसला की त्याला ठसका लागला. "कबूल! अगं, तू अजून घोडा ओढताना डोळे मिटतेस!"

मोंटानातल्या आमच्या बिटर क्रीकमध्ये रिव्हॉल्व्हर घरोघरी आहे, पण काडतुसांवरची मतं फक्त डेल्मरकडे. न्हाव्याच्या खुर्चीत, चर्चच्या पायरीवर, तो एकच सांगायचा. लांब काडतूस म्हणजे मर्दाचं काडतूस, आखूड म्हणजे शेंगदाणा!

दोघांची रिव्हॉल्व्हरं एकाच घडणीची. काडतुसं बसतात ते फिरतं चक्र काढून दुसरं घालता येतं, आणि प्रत्येकाला अशी दोन चक्रं होती. एक लांब काडतुसांचं, एक आखूड काडतुसांचं, म्हणजे डेल्मरच्या भाषेत शेंगदाण्यांचं. बाहेरून दोन्ही चक्रं सारखीच दिसतात.

"मी कोणती काडतुसं घेऊ?" व्हर्नाने शुक्रवारी विचारलं.

"तू शेंगदाणे घे, धक्का कमी बसतो. आण इकडे, दोन्ही रिव्हॉल्व्हरं मीच तयार करतो."

तेवढ्यात ओली ट्वेटचा फोन आला. हा ओली मैदानावरचा पंच. त्याने बिचाऱ्याने फक्त हवा कशी आहे एवढंच विचारलं होतं. डेल्मरने खांद्यावर फोन धरून त्याला लांब काडतुसाची महती सांगितली, आणि सांगता सांगता चक्रं पुसली, तेल दिलं, बसवली. उरलेली दोन चक्रं तशीच टेबलावर राहिली.

मैदान घरापासून दीड तासावर. तिथे सगळे जुन्या काळचे कपडे घालून येतात आणि टोपणनावाने खेळतात. कर्ण्यावरून पुकारा झाला, "रुबार्ब, पुढे या!" व्हर्ना घागरा सावरत पुढे गेली. काडतुसं जरा जास्तच खोल गेली होती, पण तिला वाटलं, आखूडच ती, अशीच बसत असतील. तिने घोडा ओढला, चाप दाबला.

खट्. पुन्हा खट्. पुन्हा खट्.

"मनगट ढिलं!" डेल्मर मागून ओरडला. मग शेजारच्यांकडे वळून म्हणाला, "काडतुसाला माणूस ओळखता येतो. भित्र्या हातात ते उडतच नाही." लोकांनी माना डोलावल्या. तसं इतक्या ठामपणे सांगितल्यावर कोण वाद घालणार?

"न चुकणारा, तयारीला लागा!" हे डेल्मरचं टोपणनाव, त्याने स्वतःच घेतलेलं.

त्याने पहिलं काडतूस चक्रात सरकवलं. ते अर्ध्यावर अडलं. दुसरंही अडलं. त्याने अंगठ्याने दाबलं, चक्रात फुंकर मारली, रिव्हॉल्व्हरच्या कारखान्याला दोन शिव्या हासडल्या.

ओलीने वाकून पाहिलं. "अरे डेल्मर, हे शेंगदाण्याचं चक्र आहे!"

"कसं शक्य आहे? मी स्वतः बसवलंय!"

"म्हणूनच तर," व्हर्ना म्हणाली. तिने आपली काडतुसं उलटी करून खाली पाडली. "म्हणजे माझ्यात लांबवालं आहे. ही आत बुडाली होती, त्यांना घोड्याची टोचणी पोचतच नव्हती. काय रे, माझं मनगट कसं आहे आता?"

डेल्मर लालबुंद झाला. उरलेली चक्रं आणायला घरी जाऊन यायला वेळ नव्हता. दुपारच्या जेवणाआधीच मैदान बंद होणार होतं.

"एकही गोळी उडालेली नाही, दोघांना पुन्हा संधी देतो," ओली म्हणाला. "एकमेकांचं रिव्हॉल्व्हर किंवा चक्र वापरायला नियमात मनाई आहे, पण काडतुसं बदलून घ्या की! नाहीतर दोघंही बाद."

"मी? शेंगदाणे? सगळ्यांसमोर?"

"मग घरी जाऊ. पैज मोडली असं मी गावात सांगते," व्हर्ना म्हणाली.

डेल्मरने पट्ट्यातली काडतुसं काढून तिच्या ओंजळीत ओतली. एकेक नळी त्याने रात्र रात्र तोलून, हलक्या धक्क्याची, अगदी जिंकण्यासाठी भरलेली. ती देताना त्याच्या जिवाचं पाणी झालं.

व्हर्नाने निशाण्याची एकही लोखंडी पाटी सोडली नाही. ठण्, ठण्, ठण्! शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. डेल्मरच्या तीन पाट्या हुकल्या. "शेंगदाणे कसे आहेत रे?" कुणीतरी ओरडलं, आणि 'शेंगदाणे' हेच नाव त्याला कायमचं चिकटलं.

रविवारी त्याने मुकाट्याने सगळा पसारा गोठ्यात हलवला. व्हर्नाने टेबल घासलं, वर पांढरी चादर घातली. डेल्मर हरल्याचं दुःख विसरून खूश झाला. चला, निदान आता माणसासारखं जेवता येईल!

पुढच्या शनिवारी तो हात धुऊन आला तर चादर गायब. टेबलावर काडतुसं भरण्याचं नवंकोरं यंत्र, दारूचा डबा आणि चकचकीत लांब नळ्यांची रास. समोर व्हर्ना, चष्मा नाकावर.

"हे काय?"

"पुढच्या महिन्यात जिल्ह्याचा सामना आहे. आणि हे बघ, कोणतं काडतूस चांगलं ते मी विचारलेलं नाही. भाजलेला बटाटा चुलीवर आहे, घे."

डेल्मरने बोलायला तोंड उघडलं, मग विचार करून त्यात बटाटा घातला. आणि ताटली मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला.