नानांच्या वाचलेल्या नायिका

आमच्या वाचनालयात नाना कंपाउंडर आले की काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून मला पहिला प्रश्न विचारायचे, "भाऊ, ह्यात कोण दगावतं?"

हातातल्या कादंबरीत कुणीच दगावत नसेल तर ते ती परत सरकवून द्यायचे. कुणी म्हातारा दगावत असेल तर थोडा विचार करायचे. पण एखादी सतरा-अठरा वर्षांची मुलगी शेवटच्या प्रकरणात ताप येऊन जाते असं मी सांगितलं, की लगेच म्हणायचे, "द्या. नाव लिहा माझं."

ही दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची, धुळ्यातली गोष्ट. मी तेव्हा वाचनालयात लेखनिक होतो. पुस्तकं देणं-घेणं, फाटलेल्या पानांना चिकटपट्ट्या लावणं आणि वर्तमानपत्र कुणी घरी नेत नाही ना ते पाहणं, ही माझी कामं. नाना पांझरा नदीपलीकडे देवपुरात राहायचे आणि नदीच्या अलीकडे एका डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधं बनवायचे. दवाखान्यातले नाना म्हणजे कोरडा माणूस. कुणाचं गळू फोडताना तो माणूस अख्खी गल्ली ऐकेल असा ओरडत असला, तरी नाना बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवत बसलेले. पट्टी नीट बसली की मान वर न करता म्हणायचे, "पुढचा!" एकदा माझ्या पायात खिळा गेला तेव्हा मलाही ते "पुढचा!" म्हणाले. आमची इतकी ओळख, पण चेहऱ्यावर रेषा हलली नाही.

तेच नाना रविवारी सकाळी वाचनालयाच्या खिडकीशी बसून रडायचे.

साधं डोळे पुसणं नव्हे. आधी चष्मा काढून ठेवायचे. मग टोपी काढून मांडीवर ठेवायचे. मग उपरणं तोंडाशी धरायचे आणि त्यातून शंख फुंकल्यासारखा एक लांब सूर निघायचा. वर्तमानपत्र वाचणारी मंडळी पहिल्यांदा दचकली. कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी "घरून तार आली का?" म्हणून विचारलं. नानांनी पुस्तकातलं पान त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "उपचार चुकला!"

हा त्यांचा कायमचा निकाल होता. नायिका विरहाने गेली, अपमानाने गेली, सासूच्या छळाने गेली, असं लेखकाने कितीही रंगवून लिहिलेलं असो, नानांना ते मान्य नसे. "विरहाने कुणी मरत नाही भाऊ. दोनशे सोळा पानावर बघा, अंगात कणकण आहे. दोनशे वीसवर खोकला. तोवर घरात सगळे कविता म्हणतायत. एकाला सुचू नये डॉक्टर आणावा?" लेखकांबद्दल त्यांचं मत फार वाईट झालं होतं. "भाषा चांगली आहे, पण नाडी बघता येत नाही," असं ते एका मोठ्या लेखकाविषयी म्हणाले होते.

प्रकरण इथवर असतं तर ठीक होतं. पण नाना पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने उपचार लिहू लागले.

ते मला कळलं वाचनालयाच्या अध्यक्षांकडून. अध्यक्ष वकील होते. त्यांच्या पत्नींनी एक कादंबरी घरी नेली होती. दुपारची जेवणं उरकून, उशीला टेकून, मनसोक्त रडायच्या तयारीने त्या शेवटच्या प्रकरणापाशी आल्या. नायिका खिडकीतून मावळता सूर्य पाहते आहे, ओठ थरथरताहेत, आणि शेजारी समासात बारीक अक्षरात लिहिलेलं, "खिडकी लावा. छातीला जवसाचं पोटीस. दर चार तासांनी मिक्श्चर." पान उलटलं. नायिकेने प्राण सोडला होता, आणि समासात होतं, "सकाळी ताप उतरला. मुगाचं कढण दिलं. हुशारी आहे."

बाई इतक्या हसल्या की वकिलांना कोर्टाचे कागद टाकून आत जावं लागलं. कारण कळल्यावर मात्र वकील हसले नाहीत. त्यांनी कमिटी बोलावली. बघता बघता तेवीस पुस्तकं निघाली. तेवीस पुस्तकांत तेवीस पोरी बऱ्या झालेल्या.

"हे तुमचं अक्षर आहे?" वकिलांनी विचारलं.

"आहे," नाना म्हणाले.

"सार्वजनिक पुस्तकात तुम्ही लिहिता? का?"

"साहेब, त्या पोरीला नऊ दिवस ताप होता आणि नुसतं तीर्थ पाजत होते. मी डोळ्यांनी वाचलं. गप्प कसा बसू?"

कमिटीत दोघांना खोकला आला. शेवटी ठरलं ते असं, की नानांनी सगळं स्वतःच्या हाताने खोडून द्यावं, नाहीतर वर्गणीदारांतून नाव कमी होईल. नाना रबर घेऊन खिडकीशी बसले. रोज दवाखाना सुटल्यावर संध्याकाळी तास-दीड तास, असे आठ दिवस ते खोडत होते. कागद फाटू नये म्हणून हलक्या हाताने. एका संध्याकाळी मी जवळ गेलो तर रबराचा चुरा फुंकून टाकत म्हणाले, "बरी झाली होती हो ही. आता पुन्हा मेली."

मी हसलो. मला वाटलं, विनोद केला.

त्यानंतर महिन्याभराने मी देवपुरात एका लग्नाला गेलो होतो. नानांकडे एक पुस्तक फार दिवस राहिलेलं, म्हणून परतताना त्यांच्या घरी वळलो. दुपार होती. ओटीवर नाना पुस्तक धरून मोठ्याने वाचत होते आणि समोर त्यांची बायको, अक्का, शेंगा फोडत बसल्या होत्या. अक्का शिंदखेड्याकडच्या एका शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, आणि बोलणं सगळं अहिराणी. नाना एक वाक्य पुस्तकातलं वाचत आणि लगेच ते अहिराणीत फिरवून सांगत. मी दारातच थांबलो. कादंबरी माझ्या माहितीची होती. त्या पानावर नायिका मरते.

"...आणि पहाटे तिला घाम फुटला," नाना वाचत होते, "ताप उतरला. तिने दूध मागितलं."

अक्कांचा हात थांबला. "मंग? पिनी का ती दूध?"

"पिनी. दोन वाट्या."

"बरं झायं माय," म्हणून अक्कांनी पुढची शेंग घेतली.

नानांचं लक्ष माझ्याकडे गेलं. पुस्तक मिटून ते मला पोचवायला कोपऱ्यापर्यंत आले. मग म्हणाले, "आमची मथी चार वर्षांची होऊन गेली. मुदतीचा ताप. अकरा वर्षं झाली. त्यानंतर घरात हिचा आवाज बंद. काय वाढू, एवढंच बोलायची. एकदा सहज एक पुस्तक वाचून दाखवलं तर ऐकायला बसली. पण आता तिच्यासमोर पोरगी कशी मरू देऊ, सांगा. आधी सगळं नीट लिहून ठेवावं लागतं. ऐन वेळी औषध सुचत नाही मला."

"मथीच्या वेळी?" मी विचारलं, आणि विचारायला नको होतं असं लगेच वाटलं.

"मी दवाखान्यात होतो. साथ होती. रांग लागली होती," ते म्हणाले, आणि मागे वळले.

त्या दिवसापासून मी त्यांना समासात लिहू दिलं असतं. पण त्यांनी पुन्हा लिहिलं नाही. दवाखान्यातल्या कागदी पट्ट्यांवर लिहून पानांत घालत, आणि पुस्तक परत करताना मोजून काढून घेत.

पुढच्या उन्हाळ्यात वाचनालयात एका बाईंच्या आठवणींचं पुस्तक आलं. संसाराच्या साध्या आठवणी, घरातल्या बोलण्यासारखी भाषा. मी नेहमीसारखं सांगितलं, "नाना, ह्यात मुलगी दगावते. पण ही कादंबरी नाही. बाईंची स्वतःची मुलगी."

त्यांनी पुस्तक नेलं आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारच्या उन्हात पूल ओलांडून माझ्याकडे आले. तोंड उतरलेलं.

"भाऊ, अडकलो," ते म्हणाले. "अर्धं वाचून दाखवलं. हिला ती बाई फार आवडली. 'आपली भैनच वाटस' म्हणते. पुढच्या प्रकरणात ती पोर जाते. आता कादंबरीतली पोर माझ्या हातात असते. पण ही खरी. त्या बाईने पोटची पोर गेली ते लिहिलंय, आणि मी मधेच म्हणायचं का, की गेली नाही? माझी जीभ रेटत नाही."

"मग ते प्रकरण गाळा."

"ते गाळून पुढे काय वाचू? पुढे ती बाई त्याच दुःखात आहे." ते माझ्या टेबलावरचा टाक उगाच इकडून तिकडे करत राहिले. "रविवारी घरी या तुम्ही. कुणी बाहेरचं असलं तर मी धीर धरीन."

रविवारी दुपारी मी गेलो. अक्कांनी मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खायला लावला, मग पदराला हात पुसून बसल्या. नाना वाचू लागले. आवाज पहिल्यापासूनच बारीक. मुलगी आजारी पडली तिथे येऊन ते थांबले. घसा साफ केला. चष्मा पुसला. पुन्हा थांबले.

"थांबनात कसाले?" अक्का म्हणाल्या.

"पुढे ठीक नाही. उद्या बघू."

"माले माहीत शे." अक्का खाली बघत बोलत होत्या. "बठ्ठ्या पोथ्यासमा तुमी बठ्ठ्या पोरी वाचाडी लेतस. माले काय समजत नही का? आज राहू द्या. तिनी जे लिखेल शे तेच वाचा."

सगळ्या पोथ्यांतल्या सगळ्या पोरी तुम्ही वाचवून घेता, हे त्यांना पहिल्या पुस्तकापासून ठाऊक होतं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मला कुठे बघावं कळेना. मग त्यांनी वाचलं. लिहिलं होतं तसंच, एक शब्द न बदलता. प्रकरण दोन-तीन पानांचंच होतं. समोरच्या निंबाखाली कुणाची तरी शेळी पाला ओढत होती, तेवढाच आवाज.

अक्काच बोलल्या. "मथीनी त्या दिन गूय मांगा व्हता."

मथीने त्या दिवशी गूळ मागितला होता. नाना त्यांच्याकडे वळले.

"तुमी दवाखानामा व्हतात. गूय देऊ नको सांगेल व्हतं तुमी. पन ती रडी राहिंती. मी दिधा. खाई-पी सन मनी मांडीवर डोकं ठी सन निजनी, ती उठनीच नही." अक्कांनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "इतला वरीस कोनले सांगं नही मी. माले वाटे, गूयमुयेच गई ती."

मला वाटलं, आता नाना चष्मा काढतील, टोपी काढतील. मी उठून पाण्याचा तांब्या जवळ आणला. पण नानांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि ते बसल्या बसल्या अक्कांच्या जवळ सरकले. मी तिथे आहे हे दोघंही विसरली होती.

"कितला दिधा व्हता?" त्यांनी विचारलं.

"बोटभर."

"गोड लागना का तिले?"

"बोट चाटी राहिंती," अक्का म्हणाल्या, आणि मग पहिल्यांदा त्यांचा बांध फुटला.

नानांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाटलीवर कागदाची पट्टी बसवताना ठेवायचे तसाच, सपाट आणि सावकाश.

"बोटभर गूयमुये काही व्हत नही," ते म्हणाले. "बरं केलं तू. पोरले गूय दिधा, ते बरं करं."