विश्वेश्वरांची चेनची पँट

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता पुण्याच्या अलकाबाई आपल्या डॉक्टर मुलाला घेऊन मुग्धाला बघायला येणार होत्या, आणि पावणेपाचला मुग्धाचे वडील विश्वेश्वर न्हाणीघरात नव्या पँटशी झगडत होते. बेंगळूरच्या राजाजीनगरचा मंजुनाथ टेलर तीस वर्षं त्यांना बटणांची पँट शिवून देत असे. या खेपेला श्यामलाबाईंनी नवऱ्याला न विचारताच त्याला सांगून टाकलं होतं, "सत्त्याण्णव साल उजाडलं, मंजुनाथ. यांना आता चेन लाव."

आपल्या हातून काही बिघडू नये, एवढीच विश्वेश्वरांना काळजी होती. मुग्धाने याआधी चार स्थळं न बघताच परत पाठवली होती. या मल्हारचा फोटो बघून मात्र ती म्हणाली होती, "येऊ दे." तेवढ्यावरच विश्वेश्वर आठ दिवस खुशीत होते.

तोच दाराची घंटा वाजली. पाहुणे वेळेच्या आधी! बेंगळूरमध्ये असं कुणी वागत नाही. घाबरगुंडीत विश्वेश्वरांचा आतला कपडा घालायचा राहूनच गेला. प्रवासाच्या बॅगेची चेन ओढावी तशी त्यांनी पँटची चेन एका झटक्यात वर ओढली.

"अय्योऽऽ!"

"काय झालं हो?" श्यामलाबाई बाहेरून ओरडल्या.

"काही नाही. पाणी गार आहे!"

"अंघोळ तर मघाशीच झाली तुमची!"

डोळे मिटून, देवाचं नाव घेत त्यांनी चेन खाली केली. नाजूक जागेची कातडी जराशी सोलवटली होती. रक्ताचे दोनचार थेंब, बाकी काही नाही. पण लागलंय तर औषध हवं. समोर दाढीनंतर लावायच्या लोशनची बाटली होती. गालाला ब्लेड लागलं की ते हेच लावत, म्हणून हेच लावलं. पुढची दोन मिनिटं ते एका पायावर होते, नंतरची दोन दुसऱ्या पायावर.

आग थांबेना, तेव्हा टॉवेल गुंडाळून ते मागच्या दाराने देवघरात शिरले आणि मनोमन क्षमा मागून कोयरीतली चिमूटभर हळद उचलली. पँटकडे तर आता बघवतही नव्हतं. त्यांनी पांढरंशुभ्र धोतर नेसलं आणि बदकासारखे चालत बाहेरच्या खोलीत आले.

"वा, धोतर!" अलकाबाई खूश झाल्या. "पुण्यातसुद्धा हल्ली दिसत नाही हो. बसा ना."

"नको. मी स्वल्प उभाच बरा."

"मुलीचे वडील उभे आणि आम्ही बसायचं? छे छे." अलकाबाई उठल्या. आई उठली म्हणून मल्हारही उठला. तो उंच, चष्मेवाला मुलगा आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता.

श्यामलाबाई खाराबातच्या, म्हणजे तिखट उपम्याच्या, बश्या घेऊन आल्या, तर सगळे उभे. त्यांचा चेहराच उतरला. "हे काय, निघालात?"

"नाही, नाही. आम्ही उभ्यानेच खाणार."

मग चौघांनी उभ्याने खाराबात खाल्ला. कॉफी घेऊन आलेल्या मुग्धाने हा देखावा पाहिला आणि वडिलांच्या कानाशी पुटपुटली, "अप्पा, बसस्टॉप आहे का हा?"

विश्वेश्वरांना घाम फुटला. स्थळ हातचं जाणार, आणि तेही आपल्यामुळे! त्यांनी ओशाळून मान खाली घातली, तर धोतरावर पुढच्या बाजूला रुपयाएवढा पिवळा डाग उमटलेला. त्यांनी झटकन त्यावर बशी धरली. पण मल्हारची नजर आधीच तिथे जाऊन आली होती. त्याने कप खाली ठेवला आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"काका, तुमची पुस्तकं बघू का?"

आतल्या खोलीत जाऊन त्याने कडी लावली. "कुठे लागलंय?"

"बोटाला."

"काका, मी कातडीचा डॉक्टर आहे. बोटाला लागलेला माणूस असा चालत नाही."

विश्वेश्वरांनी कपाटातल्या ज्ञानेश्वरीकडे पाठ केली आणि सगळं सांगून टाकलं. मल्हारने शांतपणे तपासलं.

"वरवरचंच आहे. लोशन नको, हळद नको. कोमट पाण्याने हलकेच धुवा, टिपून कोरडं करा, वर थोडं व्हॅसलिन. कपडे सुती आणि सैल. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंत?"

"गेल्याच वर्षी. पत्रा लागला होता."

"मग झालं. सूज आली, रक्त थांबेना, लघवीला त्रास झाला तर मात्र लाजत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि..." आता मल्हारचे कान लाल झाले. "पूर्ण बरं होईपर्यंत... काकूंपासून... जरा लांब."

"त्या बाबतीत," विश्वेश्वर जमिनीकडे बघत म्हणाले, "पथ्य आधीपासूनच चालू आहे."

दोघं बाहेर आले. मग रीतीप्रमाणे मुलामुलीला गच्चीवर बोलायला पाठवलं. दहा मिनिटं म्हणून गेलेली दोघं पाऊण तास खाली येईनात. विश्वेश्वरांचा जीव टांगणीला लागला. मल्हारने सांगितलं असेल का? पोरगी हसत असेल, की संतापली असेल?

अखेर मुग्धा खाली आली आणि आईला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "आतल्या खोलीत काय चाललं होतं ते मी चार वेळा विचारलं. गोड बोलून विचारलं, रागावून विचारलं. शेवटी लग्नालाच नाही म्हणेन म्हटलं. तरी एकच उत्तर: ते काकांचं आहे, काकांना विचारा."

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

पेढे आले, अलकाबाईंनी मुग्धाची ओटी भरली. निघताना मल्हार विश्वेश्वरांच्या पाया पडायला वाकला आणि हळूच म्हणाला, "काका, तुमचे फार उपकार झाले."

"माझे? अहो, तुमचे म्हणा!"

"मुलींशी काय बोलायचं ते मला सुचतच नाही. सहा मुलींनी त्यापायी नकार दिला. आज तिनेच पाऊण तास विषय सोडला नाही, मला फक्त नाही नाही म्हणायचं होतं."

रिक्षा वळणाआड गेली. मुलीचं लग्न आपण एकट्याने जमवलं, या अभिमानाने विश्वेश्वरांची छाती फुगली. पण कसं जमवलं, ते कुणाला सांगायची सोय नव्हती.