गोळपच्या वासंतीबाईंचे एकवीस हजार पॉइंट

भास्कर लिमये यांच्या मते रत्नागिरी जिल्ह्यात आजवर एकच अस्सल डिटेक्टिव्ह जन्माला आला, आणि तो कोण हे सांगण्याइतके ते उद्धट नव्हते. फक्त सुचवत असत. नजर, नाक आणि निष्कर्ष ही आपली तीन हत्यारं, असं ते कुणालाही थांबवून सांगत. यातली नजर चष्म्यावर चालायची, नाकाला बारमाही सर्दी होती आणि निष्कर्षांबद्दल विनोद शिवलकरने काही न बोलायचं ठरवलं होतं. जयस्तंभाजवळच्या विनोदच्या झेरॉक्सच्या दुकानातली लाल प्लास्टिकची खुर्ची हे भास्करभाऊंचं मुख्य कार्यालय होतं. शाखा कुठेच नव्हती.

"बत्तीस वर्षं वीज मंडळात मीटरची रीडिंगं घेतली, विनोद," भाऊ म्हणायचे. "बत्तीस वर्षं लोकांच्या घरात शिरलो. माणसाचा चेहरा खोटं बोलतो, मीटर बोलत नाही."

"लोक मीटरही फिरवतात, भाऊ."

"म्हणून तर या धंद्यात आलो."

विनोद हा त्यांचा सहायक होता, म्हणजे स्कूटर त्याची होती आणि पेट्रोलही त्याचंच. आपण सहायक केव्हा झालो हे त्याला आठवत नव्हतं. एकदा भाऊंना आधार कार्डाची प्रत फुकट काढून दिली होती, तिथूनच कधीतरी सुरुवात झाली असावी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात भाऊंना गोळपहून फोन आला. आंबा बागायतदार सदानंद पटवर्धन म्हणजे भाऊंचे शाळेतले बाकावरचे सोबती. "भास्कर, वासंतीचे पॉइंट चोरीला गेले. तू ताबडतोब ये. दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, तूच पाहिजेस."

भाऊंनी फोन ठेवला आणि छताकडे पाहिलं. "तूच पाहिजेस म्हणाला," ते म्हणाले. विनोदने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं.

गोळपला पटवर्धनांच्या पडवीत त्यांच्या पत्नी वासंतीबाई बसल्या होत्या. समोर तीन क्रेडिट कार्डं पत्त्यांसारखी मांडलेली. सत्तावन्न वर्षांची, ठेंगणी, चटपटीत बाई. पण आज डोळे सुजलेले होते. हौसा, पलीकडच्या वाडीतून पेट्या भरायला येणारी बाई, खांबाशी बसून चहा पीत होती.

वासंतीबाईंचं कार्डशास्त्र साऱ्या गावाला ठाऊक होतं. किराणा बुधवारी, कारण हिरव्या कार्डावर बुधवारी दुप्पट कॅशबॅक. पेट्रोल काळ्या कार्डावर. मोठी खरेदी स्टेटमेंट निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बिल भरायला जवळजवळ पन्नास दिवस मिळतात. सगळ्या वाडीची लाइटबिलं, मोबाइलची रिचार्जं आणि दोन मुलांच्या क्लासची फी त्या आपल्या निळ्या कार्डावर भरत आणि लोकांकडून रोख घेत, म्हणजे साऱ्या वाडीच्या खर्चाचे पॉइंट त्यांच्या खात्यात. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की अभिनंदन करून झाल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न "फ्रिज कुठून घेणार?" हा असे. एकदा कोळणीला त्यांनी कार्डाचं मशीन घ्यायचा सल्ला दिला होता, तेव्हा कोळणीने बांगडे परत टोपलीत टाकले होते.

"दोन वर्षं लागली, भाऊजी," त्या म्हणाल्या. "एकवीस हजार चारशे पॉइंट. परवा ॲप उघडलं तर शिल्लक साठ."

"या पॉइंटांचं करणार काय होतात?"

"विमानाचं तिकीट. गोव्याहून चंदीगड. आमच्या लेकीचं, ऋजुताचं डोहाळजेवण आहे तिथे दोन एप्रिलला."

"अगं, तिकीट मी काढून देतो म्हणतोय ना," सदानंदराव घाईघाईने म्हणाले.

"नको." वासंतीबाईंचा आवाज एकदम खाली आला. "तुमच्या पैशांनी गेले तर बागायतदार पटवर्धनांची बायको जाईल. माझ्या पॉइंटांनी गेले असते तर मी गेले असते. जन्मात पहिल्यांदा."

विनोदला ते फार लागलं. भाऊंनाही लागलं असावं, पण ते तोवर मीटर बघायला गेले होते.

"युनिटं वाढलेली नाहीत," परत येऊन त्यांनी जाहीर केलं. "म्हणजे चोराने तुमच्या घरात मोबाइल चार्ज केलेला नाही. बँकेला विचारलंत?"

"हेल्पलाइनवर पाऊण तास गाणं ऐकलं. पॉइंट वापरले गेलेत, कशावर ते पुढच्या स्टेटमेंटमध्ये दिसेल, असं तिथली मुलगी म्हणाली. ते निघायला अजून बारा दिवस. मी म्हटलं सायबर पोलिसांत जाऊ. तर हे म्हणाले, आधी भास्करला बोलावू."

"योग्य केलंस, सदा," भाऊ म्हणाले.

मग भाऊंच्या बुद्धीला जे उधाण आलं ते आवरणं कठीण होतं. पहिला संशय परदेशी टोळीवर. सदानंदराव म्हणाले, मलाही तेच वाटतं. पण टोळी एकवीस हजार चारशेतले साठ मागे का ठेवील, असं विनोदने विचारताच भाऊंनी टोळी रद्द केली. "साठ ठेवणारा माणूस कनवाळू आहे. म्हणजे स्थानिक आहे." दुसरा संशय शेजारच्या विनीतवर, कारण त्याने गेल्या महिन्यात "काकू, किती झाले?" असं दोनदा विचारलं होतं. सदानंदराव म्हणाले, मलाही तेच वाटतं. पण विनीत पंधरा दिवस मुंबईत होता आणि त्याच्याकडे साधा बटणांचा फोन होता.

शेवटी भाऊंनी निळं कार्ड उचललं. मीटरचे आकडे वाचायला वापरायची जुनी बॅटरी पेटवली, भिंग लावलं, आणि कार्डाच्या कोपऱ्यावरचा तपकिरी डाग पाहून ते हळूच म्हणाले, "रक्त."

वासंतीबाईंनी पदर तोंडाला लावला. भाऊंनी डाग नखाने खरवडला, हुंगला, शिंकले. "रक्त नाही. काजूचा चीक. आता सगळं लख्ख दिसतंय. आरोपी काजूच्या कामातला आहे. काजूचं काम कुठे चालतं? लांज्याला. विनोद, स्कूटर काढ."

"भाऊ, काजू आख्ख्या जिल्ह्यात..."

"लांज्याला," सदानंदराव ठामपणे म्हणाले. "मलाही लांजाच वाटतं. जाऊन या सावकाश. दोन दिवस लागले तरी चालतील."

लांज्याच्या उन्हात भाऊंनी सहा दुकानांत जाऊन प्रत्येक मालकाचे हात तपासले. पाच जण ज्योतिषी समजून आदराने बसले आणि एकाने धंद्यात बरकत कधी येईल ते विचारलं. भाऊंनी दिवाळीनंतर असं सांगितलं. सहाव्याने दोघांना घालवून दिलं, पण त्याआधी विनोदच्या गळ्यात अर्धा किलो काजूगर मारले. परतताना हातखंब्याजवळ स्कूटर पंक्चर झाली. "तपास बरोबर दिशेने चाललाय," भाऊ म्हणाले. "कुणालातरी आपण नको आहोत." तो खिळा होता, आणि तो विनोदने स्वतः चाकातून काढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे पुन्हा गोळपच्या पडवीत हजर. भाऊ अहवाल देत होते, वासंतीबाई पीठ मळता मळता ऐकत होत्या, सदानंदराव सरबत करत होते आणि हौसा चहा घेऊन खांबाशी बसली होती.

"चिकाचा उगम लांज्याला सापडला नाही."

"कसा सापडेल? परसातले काजूचे बोंडू खाताना माझ्याच हाताचा लागलाय तो," वासंतीबाई म्हणाल्या. "तुम्ही विचारलंच नाहीत."

भाऊंनी वहीत 'चीक: घरगुती' असं लिहिलं आणि खाली दुहेरी रेघ मारली. तेवढ्यात वासंतीबाईंचा फोन वाजला. पुण्याच्या विहीणबाई, विमलाताई. हात पिठाचे म्हणून वासंतीबाईंनी स्पीकर लावला.

"वासंतीताई, आत्ताच पेटी पोचली हो. दोन डझन. पाडव्याच्या आधी तुमची पेटी येणार म्हणजे येणार, सहा वर्षांत एकदा चुकली नाही. फळ काय सुरेख आहे."

वासंतीबाईंच्या कपाळाला आठी पडली, पण व्याह्यांशी बोलताना गोंधळ दाखवायचा नसतो. "हो का? बरं झालं पोचली ते."

"फक्त एक विचारू? पेटीवर देवगड हापूस लिहिलंय. तुम्ही तिकडे पण बाग घेतलीत का?"

रत्नागिरीच्या बागायतदाराच्या घरात हा शब्द असा स्पीकरवर उच्चारायचा नसतो. सदानंदरावांच्या हातातली सरबताची बरणी आपोआप खाली बसली आणि पाठोपाठ तेही बसले. "मागाहून करते हं," म्हणून वासंतीबाईंनी फोन ठेवला.

भाऊंचे डोळे चमकले. "देवगड! म्हणजे आपला चोर दक्षिणेकडे पळाला. विनोद, स्कूटर..."

"बाय, एक इचारू?" खांबाशी बसलेल्या हौसाने तोंड उघडलं. "औंदा आपला पयला आंबा अजून झाडावरना उतरला नाय. पेटीत घालायच्या गवताचा भारा मी अजून सोडला नाय. मंग पुन्याला पेटी गेली ती कुठनं? आन् पैशे कुणी दिलं?"

एवढं बोलून ती चहा प्यायला लागली. भाऊ आणखी अर्धा मिनिट दक्षिणेकडे बघत होते. बाकी सगळे सदानंदरावांकडे बघत होते.

"अहो," वासंतीबाई म्हणाल्या.

सदानंदराव मान खाली घालून बोलले. यंदा मोहोर उशिरा आला, त्यातला अर्धा अवकाळी पावसाने झोडपला. पाडव्याआधी पेटी जाणं शक्यच नव्हतं. व्याह्यांकडे पेटी चुकली तर पटवर्धनांची बाग संपली असं पुण्यात बोललं जाईल, या विचाराने त्यांची झोप उडाली. वासंतीबाई नळावर असताना सदानंदरावांनी त्यांचा फोन उघडला. कुलपाचा आकडा ऋजुताची जन्मतारीख. निळ्या कार्डाच्या ॲपवर भेटवस्तूंच्या यादीत कुकर आणि बॅगांच्या मधोमध हापूसची पेटी दिसली. ओटीपी आला, टाकला, मेसेज पुसला.

"मग मंडईतून विकत घ्यायची होती," विनोदला राहवलं नाही.

सदानंदरावांनी त्याच्याकडे दुखावलेल्या नजरेने पाहिलं. "तीन पिढ्यांत पटवर्धनांनी आंब्याला पैसे मोजलेले नाहीत. पणजोबांनी शपथ घातलीय. पॉइंट म्हणजे काही पैसे नव्हेत. शपथ मोडत नव्हती."

"आणि कुठला आंबा ते वाचलं नाहीत?"

"बारीक अक्षरात होतं."

"पण सदा, मग मला का बोलावलंस?" भाऊंनी विचारलं.

"ती पोलिसांत निघाली होती रे. मला असा माणूस हवा होता की ज्याला बारा दिवसांत काही सापडणार नाही. तेवढ्यात पहिली तोड झाली असती, आंबा विकून मी गुपचूप काहीतरी केलं असतं. तुझ्याशिवाय दुसरं नाव डोळ्यासमोर आलं नाही."

भाऊंनी हे नीट ऐकून घेतलं. मग विनोदकडे वळून समाधानाने म्हणाले, "बघितलंस? पहिलंच नाव."

वासंतीबाई ओरडल्या नाहीत. पिठाचे हात बघता बघता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुमच्या लेखी ते पैसे नव्हते," त्या म्हणाल्या. "माझ्या लेखी दोन वर्षं होती. मागितले असते तर दिलेही असते हो. पण तुम्हाला वाटलंच नाही की ते कुणाचे आहेत."

मग वासंतीबाईंनी डोळे पुसले आणि निळं कार्ड उचललं. पेट्या, गवत, औषधं, फवारणीचा नवा पंप, मुंबईच्या गाडीचं भाडं, हा सगळा हंगामाचा खर्च सदानंदराव वर्षानुवर्षं रोखीने करत आले होते. बागेच्या व्यवहारात बायकी कार्ड नको, असं ते म्हणत. त्या दिवशी दुपारी ते मुकाट्याने वासंतीबाईंच्या मागोमाग रत्नागिरीतल्या पेट्यांच्या दुकानात शिरले. पाठोपाठ भाऊ शिरले, कारण त्यांच्या मते खटला अजून खुला होता.

"बिल नेहमीप्रमाणे सदानंदरावांच्या नावे ना?" दुकानदाराने विचारलं.

"वासंती पटवर्धन," वासंतीबाई म्हणाल्या. "कार्ड ज्याचं, बिल त्याचं."

दुकानदाराने सदानंदरावांकडे पाहिलं. सदानंदराव पेट्यांच्या फळ्या मोजण्यात गर्क झाले होते.

बागेचा खर्च म्हणजे लाइटबिल नव्हे. एका आठवड्यात कार्डाने अशी काही मजल मारली की बोनससकट पॉइंट तिकिटापुरते जमा झाले. पंधरा मार्चला वासंतीबाई विनोदच्या दुकानात तिकिटाची प्रिंट काढायला आल्या. कागद मशीनमधून बाहेर आला तेव्हा गरम होता. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि स्वतःचं नाव आधी मनात, मग मोठ्याने वाचलं.

लाल खुर्चीतून भाऊ उठले. "बघू." बॅटरी पेटवली, भिंग लावलं, आणि तिकीट वरपासून खालपर्यंत तपासलं. विनोदने डोळे मिटून घेतले.

"वहिनी," भाऊ म्हणाले, "यात परतीचं तिकीट नाही."

विनोदने डोळे उघडले आणि कागद बघितला. खरंच नव्हतं. बत्तीस वर्षांची नोकरी आणि चार वर्षांचा व्यवसाय मिळून भाऊंचा हा पहिला बिनचूक निष्कर्ष होता.

"परतीपुरते पॉइंट नाही झाले," वासंतीबाई शांतपणे म्हणाल्या. तिकिटाची घडी घालून त्यांनी पर्समध्ये ठेवली. "बागेच्या दोन फवारण्या बाकी आहेत, शिवाय कामगारांचं रेशन. कार्ड ह्यांच्याकडे ठेवून चाललेय. सगळं त्याच्यावर केलं की पॉइंट होतील. मग येईन."

"आणि सदाने रोखीने केलं तर?"

"तर नाही येणार," म्हणून त्यांनी विनोदसमोर पाच रुपये ठेवले आणि त्या पायऱ्या उतरल्या.

त्याच दिवशी चारच्या सुमाराला विनोद शाईची बाटली आणायला बाजारात गेला, तेव्हा फवारणीच्या औषधांच्या दुकानासमोरच्या रांगेत सदानंदराव पहिले उभे होते. दुकान उघडायला अजून अर्धा तास होता. निळं कार्ड त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं.