शूरवीरांसाठी राखीव पार्किंग

रोडपालीच्या गगनतारा सोसायटीत सावलीतलं पार्किंग एकच. ते सर्वसाधारण सभेने ‘देशासाठी परदेशात लढलेल्या सभासदासाठी’ एकमताने राखून ठेवलं होतं. एकमत झालं, कारण असा सभासद सोसायटीत नव्हताच. तोवर तात्पुरती म्हणून सेक्रेटरी परेशची गाडी तिथे उभी असायची. गेली सहा वर्षं.

मग बेलपाड्याचे कमळाकर घरत तिथे राहायला आले. हवाईदलातून निवृत्त. मालवाहू विमानात माल चढवायचा, बांधायचा, उतरवायचा, हे त्यांचं काम. त्यात दोन वर्षं शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत. त्यांची जुनी फियाट उन्हात पापडासारखी तडकत होती. त्यांनी पार्किंग मागितलं. कमिटीने चौकशी बसवली.

“काका, आफ्रिकेत लढाई कसली?” परेशने विचारलं.

“लढाई नाय रे. बोकड.”

“बोकड?”

“पुढच्या छावणीत फ्रिज नाय. मटण जित्तंच न्यायला लागायचं. चाळीस बोकड बांधले, विमान उडालं आनि दोर सुटला. एक मागं सरकला, त्याच्यामागं सगले! शेपूट जड झालं का विमान नाक वर करतंय आनि धाडकन खाली. एकेकाचा कान धरून पुढं आनला, पाला दाखवला, तवा वाचलो.”

कमिटी गंभीर झाली. शौर्य निर्विवाद होतं, पण उपविधीत बोकडांची तरतूद नव्हती. सखोल चर्चेअंती तोडगा निघाला: अनुभव तोच, फक्त बोकडाच्या जागी ‘कमांडो’ म्हणायचं. पंधरा ऑगस्टला जाहीर सांगायचं आणि पार्किंग घ्यायचं.

“अवो, खोटं बोलनार तुमी?” रंभाकाकूंनी घरी विचारलं.

“एकच शब्द बदलायचा हाय. बाकी सगलं खरं,” काकांनी डोळा मारला.

पंधरा ऑगस्टला हॉल गच्च भरला.

“चाळीस कमांडो घेतले,” काका म्हणाले. “पाय बांधून.”

“काय शिस्त!” परेश पुटपुटला.

“वर गेल्यावर ओरडायला लागले. मी एकेकाचा कान धरला, तोंडासमोर पाला नाचवला.”

“जंगल ट्रेनिंग,” पहिल्या रांगेतल्या एकाने बायकोला समजावलं.

“आणि उतरल्यावर?” परेशने खुर्ची पुढे ओढली.

“कापले.”

“सगळे?”

“सगले. त्या रात्री आख्खी छावणी जगली ती त्यांच्यावरच. मी आजपन विसरलो नाय. तशी चव…” रंभाकाकू जोरात खोकल्या. “…तशी चव आयुष्याला परत आली नाय.”

पहिल्या रांगेतला एक हुंदका देत उठला. त्याच्यामागे दुसरा. मग आख्खा हॉल. काकांचा हात सवयीने पाला शोधायला खिशात गेला.

तिथल्या तिथे ठराव झाला: चाळीस हुतात्म्यांचं स्मारक. जागा अर्थात सावलीतली. भिंतीवर हातभर संगमरवरी पाटी बसली, आणि तिला कुणाचा धक्का लागू नये म्हणून पुढे परेशची गाडी उभी केली. तात्पुरती.

फियाट उन्हातच. काकांनी परेशला गाठलं.

“आरं, ते बोकड होते रे! भर सभेत सांगतो पायजे तर.”

“हळू बोला, काका,” परेशने इकडे-तिकडे पाहिलं. “हुतात्म्यांना बोकड म्हणताय? लोकांच्या भावना दुखावतील.”

लोक म्हणजे दुसरं कोण? काकांच्या भाषणाचा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला होता. पुरता न ऐकताच तुम्ही त्याखाली हात जोडलेत आणि तो पुढे सरकवलात. तुमच्यामागे सगळ्यांनी.