बिनसरसाच्या चोवीस खुर्च्या

प्राचार्यांनी परिपत्रक तिसऱ्यांदा वाचलं, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचलं. मजकूर तोच निघाला. पुढच्या वर्षापासून प्रशिक्षण संस्थेचं अनुदान निम्मं. उरलेलं निम्मं संस्थेनं आपल्या कौशल्यावर मिळवावं. आणि जो वर्ग कमावणार नाही, तो बंद करावा.

"म्हणजे पहिली विकेट माझी," सुतारकाम शिकवणारे मिस्त्रीगुरुजी म्हणाले. "वायरमनच्या पोरांना घरोघरची कामं आहेत, शिवणवर्गाला गणवेश आहेत. आम्ही बावीस वर्षांत एक स्टूल विकलेलं नाही."

हे खरं होतं, पण त्यात गुरुजींचा दोष नव्हता. वर्गाला लाकूड मिळे ते देवदर्शनासारखं, चार-पाच वर्षांतून एकदा, तेही लांबून. त्यामुळे एक रीतच पडली होती. तुकडीनं खुर्च्या करायच्या, परीक्षकांनी त्यांवर बसून मार्क द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्च्या सुट्या करून नव्या तुकडीच्या स्वाधीन करायच्या. नवी तुकडी तेच लाकूड पुन्हा तासे. दर तुकडीला खुर्ची बोटभर लहान होई. गेल्या परीक्षेला परीक्षक जवळजवळ उकिडवे बसूनच मार्क देत होते.

आता खुर्ची पुन्हा सुटी करायची म्हटल्यावर लाकूड चिकटवायचा सरस लावणार कोण? गुरुजींनी या अडचणीचं हळूहळू तत्त्वज्ञान केलं होतं. "बाळांनो, सांधा खरा असेल तर सरस कशाला? दोन लाकडांनी एकमेकांना मनापासून धरायला हवं. संसारात कोणी सरस लावतं का?"

"लावायला हवा होता, गुरुजी," मावशी म्हणायची. "आमचे हे सकाळी घरातून निसटतात, ते जेवायलाच सापडतात." कारखाना बंद पडल्यावर पंचेचाळिसाव्या वर्षी रंधा हातात घेतलेली ही बाई वर्गाची मावशी आणि मॉनिटर, दोन्ही होती.

प्राचार्य विभागीय कार्यालयात गेले आणि परिपत्रक काढणाऱ्या अधिकारीबाईंकडूनच ऑर्डर घेऊन आले. त्यांच्या सभागृहासाठी चोवीस खुर्च्या!

"बाई म्हणाल्या, खुर्च्या टिकल्या तर वर्ग टिकला," प्राचार्यांनी सांगितलं.

"शंभर वर्षं टिकतील," गुरुजी म्हणाले.

कोरं करकरीत लाकूड आलं. त्याचा वास घेताना गुरुजींचे डोळे भरून आले. तुकडी महिनाभर राबली, आणि खुर्च्या अशा उतरल्या, की बसण्याआधी नमस्कार करावा. सरसाची आठवण कोणालाही झाली नाही. बावीस वर्षं जे नव्हतंच, ते विसरलं असं तरी कसं म्हणायचं?

खुर्च्या पोचल्या. सभागृहात एसी अखंड चालू असे. पंधरा दिवसांत ओलसर लाकूड सुकलं, आकसलं, आणि एकमेकांना मनापासून धरलेले सांधे एकमेकांवर नाराज झाले.

सोळाव्या दिवशी विभागातल्या सगळ्या प्राचार्यांची बैठक भरली. आपल्या प्राचार्यांना अनुभव सांगायला उभं केलं होतं. गुरुजी आणि तुकडी भिंतीशी रांगेत उभी होती.

"मित्रहो, आज आमची संस्था स्वतःच्या पायांवर उभी आहे," प्राचार्य म्हणाले, आणि दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ दिसेनासे झाले.

"काही नाही, काही नाही," खालून आवाज आला. त्यांना उठवायला शेजारचे वाकले, तर तेही गेले. तिसऱ्यानं आधाराला चौथ्याची पाठ धरली. मग भराभर सगळं सभागृह बसलं, म्हणजे खऱ्या अर्थानं खाली बसलं. शेवटी टेबल घट्ट धरून अधिकारीबाई तेवढ्या उभ्या राहिल्या. त्यांच्या खुर्चीनं मागच्या मागे रजा घेतली होती.

"गुरुजी," प्राचार्यांनी कुजबुजत विचारलं, "सरस?"

"अरे देवा!" गुरुजींनी कपाळाला हात लावला.

पण मावशी परीक्षेच्या दिवशी ओरडायची तशी ओरडली, "तुकडी! खुर्ची जोड!"

पोरंपोरी तुटून पडली. रोजचंच काम ते! पाय, पाठ, हात, वर दोन ठोके, पुढची. पाहुणे चहाचे कप सांभाळत भिंतीला लागले. चहा निवायच्या आत चोवीसच्या चोवीस खुर्च्या जागेवर उभ्या होत्या. बसायला मात्र कोणी पुढे येईना.

"खुर्च्या नापास," अधिकारीबाई म्हणाल्या.

"मान्य आहे, मॅडम," गुरुजी मान खाली घालून म्हणाले. "परत नेतो. सरस लावून आणतो. वर्गाचं मात्र..."

"थांबा." बाई दाराकडे बघत होत्या. "पुढच्या आठवड्यात आम्ही नव्या इमारतीत जातोय. इथे आत अकरा जुनी कपाटं आहेत, खोलीतच बनवलेली. दारातून एकही निघत नाही. कंत्राटदार म्हणतो, भिंत पाडा. तुम्हाला दुसऱ्यानं केलेलं सुटं करता येतं?"

गुरुजी आत गेले, कपाटांवर टकटक करून बाहेर आले. "एका दिवसात."

"आणि तिकडे नेऊन जोडाल?"

"अहो आनंदानं! त्याचे कसले..." इथे प्राचार्यांनी गुरुजींच्या पायावर पाय दिला. नोकरीत प्रथमच.

"सुटं करायचं फुकट, मॅडम," प्राचार्य गोड हसून म्हणाले. "जोडायचं काय ते आधी ठरवून घेऊ."

"अच्छा! आणि जोडणी मी दुसऱ्या कोणाकडून करून घेतली तर?"

"घ्या की," मावशी म्हणाली. "सुट्या फळ्यांवर नंबर आम्हीच टाकणार, आमच्याच हिशोबानं."

अधिकारीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग प्राचार्यांकडे, मग त्यांना हसू आवरेना. फाइल उघडून त्यांनी 'सुतारकाम वर्ग चालू ठेवावा' असं लिहिलं आणि सही केली. सगळं उभ्यानंच.