रुग्णाने स्वतःच्या तोंडाने नाव सांगावे

आमच्या अपूर्वला ताप आला तेव्हा तो आठ महिन्यांचा होता, आणि बालाघाटातल्या ज्या दवाखान्यात आम्ही त्याला नेलं त्याला त्याच आठवड्यात गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळायचं होतं. दोघांच्याही प्रकृतीला जपायचे दिवस होते.

डॉक्टरांनी तापाचे थेंब लिहून दिले. अनुसया सिस्टर थेंब घेऊन आल्या, अपूर्वच्या ओठांपर्यंत नेले आणि थांबल्या.

"नाव काय?"

"अपूर्व," मी म्हटलं.

"तुमाले नाही विचारलं, ताई. पेशंटले विचारलं."

एकाचं औषध दुसऱ्याला जाऊ नये म्हणून रुग्णाने स्वतःच्या तोंडाने नाव सांगावे, असा नियम आहे. नियम चांगला आहे. मी शिकलेली, मला तो पटला. अपूर्वला पटला नाही. तो "बु" म्हणाला आणि त्याने सिस्टरचं पेन तोंडात घातलं.

सिस्टरने केसपेपर पाहिला. "इथं 'बु' नाही लिहिलं. दवा नाही देता येत."

खैरलांजीहून आलेल्या माझ्या सासूबाई उसळल्या. "बाप्पा! लेकराचं आंग तव्यावाणी तापून राह्यलं, अन् तुमी त्याची मुलाखत काहून घेऊन राह्यल्या?"

मग गुणवत्ता अधिकारी गजेंद्र सर आले. "देखिए मॅडम, सुरक्षेत समझौता नाही," म्हणाले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. स्वतःचं नाव सांगू शकेल अशी व्यक्ती त्यांना हवी होती. "बच्चा तुमच्याच दुधावर आहे ना? मग भरती तुम्ही व्हा. दवा तुमच्यातून जाईल."

काळजीने माझं डोकं जागेवर नव्हतं. मी हो म्हटलं. मनगटाला पट्टा बांधला गेला. मी "मयुरी" असं न चुकता सांगितलं, त्याबद्दल कौतुकही झालं. थर्मामीटर लावला तर ताप अजिबात नाही.

"पाहा, किती लवकर फरक पडला," सिस्टर म्हणाल्या.

आता प्रत्येक रुग्णासोबत एक नातेवाईक लागतो. आधीच्या कागदावर रुग्ण अपूर्व आणि नातेवाईक मयुरी होती. खाडाखोड चालत नसल्यामुळे बाण काढून दोघांची अदलाबदल केली गेली. जबाबदार नातेवाईक म्हणून अपूर्वचा अंगठा घेतला. उरलेली शाई त्याने चाटली.

एवढ्यात गार्ड सुखराम आला. "बारा सालच्या खालच्या नातेवाईकाले वार्डात मनाई हाये, माय. इन्फेक्शन होते." आणि त्याने माझ्या जबाबदार नातेवाईकाला अदबीने उचलून फाटकाबाहेर नेलं. मागोमाग सासूबाई पळाल्या.

मी खिडकीला नाक लावून उभी राहिले. सासूबाईंनी समोरच्या मेडिकलमधून तेच थेंब घेतले. दुकानदाराने कोणाचंच नाव विचारलं नाही. थोड्या वेळाने अपूर्वला घाम फुटला, तो खुदखुदला, आणि मग भुकेने असा रडायला लागला की मला काचेतूनही ऐकू आलं.

"मला सोडा," मी म्हटलं.

"सुट्टीच्या कागदावर नातेवाईकाचा अंगठा लागते, ताई."

"मग त्याला आत येऊ द्या!"

"बारा सालच्या खालच्या..."

"म्हणजे मी इथं बारा वर्षं राहू?"

गजेंद्र सरांना चुकीची आकडेवारी खपत नाही. "अकरा वर्षं चार महिने, मॅडम. आठ महिने तर त्याने पूर्ण केलेत."

मी तक्रार करते म्हटलं. त्याचीही सोय होती. असमाधानी रुग्णाला समाधान होईपर्यंत सोडत नाहीत. समाधानी रुग्णाची फाईल मात्र आपोआप बंद होते, अंगठा लागत नाही. त्यांनी मोबाईलवर अभिप्रायाची लिंक पाठवली. बाहेर अपूर्वचा आवाज बसत चालला होता. मी पाच तारे दिले, खाली लिहिलं, 'खूप सुरक्षित वाटलं.' फोन पर्समध्ये टाकायच्या आत दार उघडलं.

प्रमाणपत्र मिळालं म्हणे. सासूबाई अजून टोमणे मारतात, "शिकलेली बाई, अन् असं लिहून आली?" आले. पण मी तो दवाखाना निवडला होता तोसुद्धा तारे बघूनच. इतके लोक समाधानी आहेत म्हटल्यावर मी डोळे मिटून गेले. त्यातले किती जण नुसते घरी जायच्या घाईत होते, हे काही मी मोजलं नव्हतं. तुम्ही मोजता?