चंदाला दिसतं

आमच्या चंदाला पुढचं दिसतं. हे मी म्हणत नाही, गाव म्हणतं. मी या गावाला तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्याचं हे फळ.

चंदा माझ्या शेजारची. वय बावीस, बारावीला दोनदा नापास. ते निकाल तिला आधी दिसले नव्हते, हे मी भेटेल त्याला सांगतो. अंगठा कानाशी दाबायचा, डावा डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "थांबा, येतंय." की बाया गप्प.

पुण्याला जाऊन आईबापांना विसरलेली पोरं हा तिचा खास विषय. "काकू, आयतवारी तुमचा पोरगा यील बघा." आणि तो येतो! वेल्ह्याच्या एसटीतून तोंड पाडून उतरतो. म्हातारी रडते आणि चंदाच्या घरी शेवया पोचतात.

दुपारी ती देवीच्या टेकडीवर जाते. "खाली न्हाई दिसत गुर्जी, वर जावं लागतं." बाया म्हणतात, तप करते. तपावरून परतते ती सलवारभर कुसळं घेऊन. जाण्याआधी माझ्या घरचं कॅलेंडर बघणार, तिथी लागते म्हणे. दिव्यदृष्टीला छापील कॅलेंडर कशाला लागतं, असं मी विचारलं. "तुमाला न्हाई कळायचं."

तिचा थोरला भाऊ लग्न झाल्यापासून गावाकडे फिरकलेला नाही. एकदा मी बायांदेखत मुद्दाम म्हटलं, "तुझा भाऊ कधी येणार, तेवढं बघ की."

तिनं मिटलेला डोळा उघडला. "आपलं आपल्याला दिसत न्हाई, गुर्जी."

मी पोट धरून हसलो.

दसऱ्यानंतर ती माझ्याच दारात आली. "गुर्जी, आयतवारी मीनाताई येणार."

मीना माझी मुलगी. तिनं आपल्या मनानं लग्न केलं तेव्हा "पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस" म्हणालो होतो, त्याला तीन वर्षं झाली. मी चंदाला हाकलून दिलं.

रविवारी मीना आली. रडून झालं, चहा झाला, मग म्हणाली, "बाबा, त्या चंदाला आवरा. अकरा वेळा फोन केला. म्हणते, 'म्या गुर्जींना सांगून बसलेय तुमी येणार म्हणून, आता माझी लाज राखा.'"

"तिला तुझा नंबर कुणी दिला?"

मीनानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. फोन कधी केला नाही, पण दर जानेवारीत नव्या कॅलेंडरवर तिचा नंबर मीच लिहीत होतो. आणि मोबाईलला रेंज फक्त देवीच्या टेकडीवर येते, हे सगळ्या गावाला माहीत आहे. दोन्हींचा मेळ कुणी घातला नव्हता. विज्ञानाच्या मास्तरानंही नाही. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी चंदाच्या आईकडून तिच्या मुलाचा नंबर घेतला आणि धापा टाकत टेकडी चढलो. तो माझाच विद्यार्थी. आधी कामाचं रडगाणं गायला लागला, मग मी वर्गातला आवाज काढला.

उतरलो तो थेट चंदाच्या अंगणात. ती तांदूळ निवडत होती. मी अंगठा कानाशी दाबला, डावा डोळा मिटला.

"थांब, येतंय. भाऊबिजेला तुझा भाऊ येणार."

मला वाटलं, हसेल. ती माझ्या पायजम्याला चिकटलेल्या कुसळांकडे बघत राहिली. मग सूप बाजूला ठेवून माझ्या पायाशी बसली आणि मान खाली घालून एकेक कुसळ काढू लागली.